बाळ कशावर निजले होते?

मराठी भाषेत पाळण्याला किती मानाची जागा आहे पाहा. बाराव्या दिवशी बारसे करतात ते बाळाला पाळण्यात घालूनच. रामनवमीला भर दुपारी बाराला आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री देवालाही आपण पाळण्यात घालतो. शिवनेरीवर शिवजन्मस्थानी गेलात तर तिथेही पाळणा ठेवलेला दिसतो. 'पाळणा' नावाचा एक काव्यप्रकारच आपल्याकडे आहे. लग्नाला वर्ष झाले की घरात पाळणा हलण्याची वाट पाहायची, कुटुंबनियोजनवाल्यांनी सांगितले की पाळणा लांबवायचा आणि आई नोकरीला जायला लागली की मुलाला पाळणाघरात ठेवायचे. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' या म्हणीचा वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न तर मी शाळेत किती वेळा घातला असेल याची गणतीच नाही.

एवढे सगळे असून पाळणा कसा असावा, बाळाला कशावर निजवावे, याविषयी मराठीत लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आले नाही. माझ्या भाचीची मुलगी आता बाळंतपणाला टेकली आहे. ती बाळासाठी कॉट-बेड घेणार म्हणते. ही म्हणजे कठड्याची कॉट. बाळ मोठे झाले की कठडे काढायचे आणि त्याचाच छोटा पलंग करायचा. "दुकानात पन्नास प्रकार आहेत, आजी, सगळेच चांगले दिसतात. काय बघून घेऊ?" असे तिने विचारले. मी भाषा आणि इतिहास शिकवलेली बाई. सुतारकामातले मला काय कळणार? पण प्रश्न डोक्यात राहिला आणि सवयीप्रमाणे मी त्याचा इतिहास वाचू लागले. वाचता वाचता जे हाती लागले ते कॉटपेक्षा बरेच मोठे निघाले. म्हणून हा लेख.

बाळाला स्वतःचे वेगळे अंथरूण हवे ही कल्पना काही आजची नाही. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इ.स. ७९ मध्ये झाला आणि पाँपेईबरोबरच हर्क्युलेनियम नावाचे गावही गाडले गेले. त्या गावाच्या उत्खननात कोळसा झालेला एक लाकडी पाळणा सापडला. खाली कमानदार पाय, म्हणजे हलक्या हाताने झुलवता येईल असा. आत एका तान्ह्या बाळाच्या अस्थी होत्या. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची ती वस्तू आजही कुठल्याही बाईने पाहिली तर तिला सांगावे लागणार नाही की हा पाळणा आहे.

पण पाळणा असला तरी गरिबाघरी, थंडीच्या रात्री, पाजणारी आई बाळाला कुशीतच घेऊन निजणार. आणि तिथेच एक फार जुने भय दडलेले आहे. बायबलच्या जुन्या करारात राजा सॉलोमनच्या न्यायाची गोष्ट आहे. दोन बायका एकाच मुलावर हक्क सांगतात, राजा मुलाचे दोन तुकडे करा म्हणतो आणि खरी आई कळवळते, एवढा भाग आपल्याला ठाऊक असतो. पण भांडण मुळात का झाले? तर एकीचे बाळ रात्री तिच्या अंगाखाली येऊन दगावले होते. मध्ययुगीन युरोपात अशा मृत्यूंबद्दल आईला चर्चकडून प्रायश्चित्त घ्यावे लागे. तान्ह्या मुलाला शेजारी घेऊन निजू नका, असे धर्मोपदेशक बायकांना बजावत असत. बाळ गेले, ते आईच्या अंगाखाली गेले, म्हणजे पाप आईचे, असा तो सरळ हिशोब होता.

या हिशोबाला पहिला छेद देणारी वस्तू मला फ्लोरेन्स शहरात भेटली. तिचे नाव आर्कुच्चिओ, म्हणजे लहान कमान. लाकडाची एक लांबट चौकट, तिच्यावर कमान आणि बाजूंना खाचा. ही चौकट बाळाभोवती ठेवून आई किंवा दाई त्याला आपल्याच अंथरुणात घेऊ शके. झोपेत ती कलंडली तरी भार कमानीवर येई, बाळावर नाही. आणि बाजूच्या खाचांमुळे बाळाला उचलून न घेता पाजताही येई. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७३० च्या दशकाच्या सुरुवातीला या वस्तूचे आकृतीसह वर्णन छापून आले. फ्लोरेन्समध्ये दाईने याशिवाय मूल अंथरुणात घेतले तर तिला धर्मबहिष्कृत करण्याचा धाक होता, असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे धाक सुटला नव्हताच. पण त्याच्या जोडीला तिच्या हातात एक साधनही दिले होते. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

इथे एक घरची गोष्ट सांगते. माझ्या लहानपणी आम्ही घाटावरच्या एका खेड्यात राहायचो. एकत्र कुटुंब, माजघरात ओळीने अंथरुणे. माझ्या धाकट्या काकूला मुलगा झाला होता, तीन महिन्यांचा. मार्गशीर्षातली थंडी होती. काकूने त्याला कुशीत घेतले, वरून जाड वाकळ ओढली आणि दिवसभराच्या कामाने थकलेली ती बाई झोपली. पहाटे बाळ हलेना. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मला आठवते ते रडणे नव्हे, तर त्यानंतर बायकांचे दबल्या आवाजातले बोलणे. "अंगाखाली सापडलं गं." बस, एवढे एकच वाक्य. ते गावभर गेले, तिच्या माहेरी गेले आणि तिच्याबरोबर आयुष्यभर राहिले. पुढे तिला दोन मुली झाल्या. त्यांना ती रात्री आजेसासूच्या हवाली करायची. आमची मुले झाली तेव्हाही दिवसभर खेळवायची, पण दिवेलागणीनंतर बाळाला हात लावायची नाही. कोणी विचारले तर म्हणायची, "माझ्याजवळ नको." त्या बाळाला नेमके काय झाले होते हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या घरातल्या कोणीही, डॉक्टरानेसुद्धा, बाळ कसे निजवले होते, तोंडावर काय होते, वाकळ किती जड होती, हे विचारले नाही. विचारले ते एवढेच, की तू झोपलीस कशी? काकू १९७९ साली गेली.

हा प्रश्न आमच्याच गावचा नव्हता. स्कॉटलंडमध्ये डंडी नावाचे तागाच्या गिरण्यांचे शहर होते. ताग जाई आपल्या बंगालमधून आणि गिरण्यांत कामाला असत मुख्यतः बायका. तिथले पोलीस सर्जन टेम्पलमन यांनी १८९२ साली गुदमरून दगावलेल्या २५८ तान्ह्या मुलांच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसले की असे मृत्यू शनिवारच्या रात्री फार जास्त होतात. शनिवार पगाराचा आणि दारूचा. आईचे अज्ञान, निष्काळजीपणा, दारूबाजी आणि एका खोलीतली दाटीवाटी ही कारणे त्यांनी दिली. शेवटचे कारण सोडले तर बाकी सगळी पुन्हा माणसाच्या, त्यातही आईच्या, माथ्यावर. पुढे १९०८ साली ब्रिटनमध्ये मुलांविषयीचा कायदा झाला. त्यात दारूच्या अमलाखालच्या मोठ्या माणसाशेजारी निजलेले तीन वर्षांखालचे मूल गुदमरून गेले, तर तो गुन्हा ठरवला गेला.

गंमत म्हणजे याच सुमारास तिथल्या काही आरोग्यसेविका आणि माताशाळा वेगळेच काम करत होत्या. गरीब बाईला पाळणा परवडत नाही ना, मग बाजारात केळ्यांची रिकामी खोकी मिळतात ती आणा, आतून स्वच्छ कापड लावा आणि त्यात बाळ निजवा, असे त्या करून दाखवत. कायदा शिक्षा सांगत होता आणि या बायका खोके आणून देत होत्या! दोन्ही एकाच देशात, एकाच काळात.

खोक्याची ही कल्पना पुढे एका देशाने फारच मनावर घेतली. फिनलंड तेव्हा गरीब होता आणि १९३० च्या दशकात तिथे हजारातली साठपासष्ट मुले वर्षाची होण्याआधीच दगावत. १९३८ पासून तिथले सरकार कमी उत्पन्नाच्या मातांना बाळंतविड्याची एक पेटी देऊ लागले. १९४९ पासून ती सगळ्याच मातांना मिळू लागली. अट एकच, चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात येऊन तपासून घ्यायचे. पेटीत कपडे, दुपटी आणि तळाला छोटी गादी. सामान काढून घेतले की ती पुठ्ठ्याची पेटी म्हणजेच बाळाचे पहिले अंथरूण. तिथल्या कित्येक पिढ्या त्या पेटीत निजून मोठ्या झाल्या. बालमृत्यू कमी झाले ते एकट्या पेटीमुळे नव्हे. तपासणी, लसी, स्वच्छता, सुधारलेली परिस्थिती, सगळ्याचाच त्यात वाटा आहे. पण श्रीमंताचे आणि गरिबाचे बाळ सारख्याच पेटीत निजते, ही गोष्ट मला मोठी वाटते. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यातल्या पहिल्या बाळंतपणासाठी 'बेबी केअर किट'ची योजना आणली, तिचे मूळ याच विचारात आहे.

आता वाचकांना वाटेल, की बाळ वेगळ्या कॉटमध्ये गेले म्हणजे प्रश्न मिटला. तसे झाले नाही. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत सुखवस्तू घरांतली बाळे स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या कॉटमध्ये निजू लागली आणि तरीही काही बाळे रात्री निजली ती सकाळी उठलीच नाहीत. शेजारी आई नव्हती, त्यामुळे अंगाखाली सापडले असे म्हणण्याची सोय राहिली नाही. लोक त्याला 'कॉट डेथ' म्हणू लागले. १९६९ साली डॉक्टरांनी त्याला 'अकस्मात बालमृत्यू' अशा अर्थाचे नाव दिले.

आणि इथे इतिहासातला सर्वांत दुःखद भाग येतो. त्या काळात बाळाला पालथे निजवावे असा सल्ला दिला जाई. उताणे निजवले तर उलटी घशात अडकेल, अशी भीती. अमेरिकेतल्या डॉ. स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक घराघरांत होते. पन्नासच्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यांनीही पालथे निजवण्याच्या बाजूने कौल दिला. सल्ला चांगल्या मनाने दिलेला, तर्कालाही पटणारा. पण पालथे बाळ मऊ गादीत तोंड खुपसून निजले की स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेते, अंग जास्त तापते आणि त्याला जाग यायला हवी तेव्हा ती येत नाही. नेदरलंडने १९८७ मध्ये पालथे निजवू नका म्हणून सांगायला सुरुवात केली. न्यूझीलंडमध्ये मोठा अभ्यास झाला. १९९१ मध्ये न्यूझीलंड आणि ब्रिटन यांनी, तर १९९४ मध्ये अमेरिकेने 'बाळाला उताणे निजवा' अशी मोहीम काढली. थोड्याच वर्षांत हे मृत्यू निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. नवे औषध नाही, यंत्र नाही. फक्त बाळाला पाठीवर निजवायचे.

२००५ साली रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. त्यांना आढळले की पालथे निजवणे घातक आहे हे १९७० पर्यंतच्या माहितीतूनच कळू शकले असते. कोणी ती माहिती एकत्र केली असती तर ब्रिटनमधली दहा हजारांवर आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलेशिया मिळून निदान पन्नास हजार बाळे वाचली असती, असा त्यांचा हिशोब. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. पन्नास हजार घरे! आणि त्यांतल्या किती घरांत एखादी काकू "माझ्याजवळ नको" म्हणत जगली असेल?

राहिली कॉट. तिच्यातही दोष निघाले. अमेरिकेत १९७३ मध्ये नियम झाला, की कठड्याच्या दोन दांड्यांत साधारण सहा सेंटिमीटरहून जास्त अंतर नको, म्हणजे बाळाचे अंग त्यातून निसटून डोके अडकणार नाही. मग सरकत्या कठड्याची कॉट आली. आईला वाकावे लागू नये म्हणून एक बाजू खाली सरकायची. सोयीची खरी, पण खिट्ट्या झिजल्या की कठडा एका टोकाला निखळायचा आणि गादी व कठडा यांच्या फटीत बाळ अडकायचे. २००० नंतरच्या दहा वर्षांत अशी निदान ३२ मुले दगावल्याचे मोजले गेले आणि जून २०११ पासून तिथे अशा कॉटवर बंदी आली.

१९९८ साली शिकागोत डॅनी कायसर नावाचा सोळा महिन्यांचा मुलगा सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी, घडीच्या प्रवासी कॉटमध्ये दगावला. कॉटचा कठडा मधोमध दुमडला गेला होता. ती कॉट धोक्याची म्हणून पाच वर्षांपूर्वीच, १९९३ मध्ये, बाजारातून परत मागवलेली होती. पण ही गोष्ट ना आईवडिलांना माहीत होती, ना सांभाळणाऱ्या बाईंना. त्याचे आईवडील दोघेही प्राध्यापक. त्यांनी त्या बाईंना दोष देत बसण्याऐवजी संस्था काढली आणि अशा वस्तू विक्रीला येण्यापूर्वीच तपासल्या जाव्यात म्हणून दहा वर्षे पाठपुरावा केला. २००८ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यातल्या त्या कलमाला डॅनीचे नाव आहे. पुढे २०२२ मध्ये तिथे उतरते झोपाळे आणि कॉटच्या आतून बांधायच्या मऊ गाद्याही बंद झाल्या. दुकानात सर्वांत गोंडस दिसतात त्या याच गाद्या.

न्यूझीलंडमध्ये तर चक्र पुरे फिरून फ्लोरेन्सला आले. तिथल्या माओरी लोकांत बाळाला कुशीत घेऊन निजण्याची रीत आहे. नुसते 'शेजारी निजवू नका' म्हणून ती सुटेना. तेव्हा २००६ च्या सुमारास माओरी डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच आणि विणकर बायका यांनी मिळून 'वाहाकुरा' पुढे आणली. तिथल्या हाराकेके या वनस्पतीच्या पात्यांची विणलेली, उथळ, सपाट तळाची टोपली. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची. बाळ जवळही आणि आपल्या जागेतही. तोडगा तोच, फक्त धाकाऐवजी आपुलकीने दिलेला.

आपली झोळी किंवा गुजराती घरांतले घोडियुं यांचे काय, असे कोणी विचारील. झोळीत बाळ उताणेच असते, ही चांगली बाजू. पण कापड खोल झाले की बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. साडीच्या झोळीत जरा मोठी भावंडे खेळताना गळ्याला पीळ बसल्याच्याही बातम्या येतात. तेव्हा डोळ्यासमोर, जागेपणी थोडा वेळ झुलवायला झोळी ठीक, रात्रभर निजवायला नको.

तर भाचीच्या मुलीला मी जे कळवले ते इथेही देते. गादी सपाट आणि घट्ट हवी. हाताने दाबली तर खड्डा पडता कामा नये. आपल्याला ती टणक वाटेल, बाळाला वाटत नाही. गादी आणि कठडा यांत दोन बोटे जातील एवढीही फट नको. दांड्यांतले अंतर सहा सेंटिमीटरच्या आत. कठडे पक्के, सरकते नकोत. आत उशी नको, मोहरीचीसुद्धा नको. गोधडी, खेळणी, मऊ कडा, काही नको. मच्छरदाणी ताणून बांधावी, बाळाच्या अंगावर लोंबणारी नको. बाळ निजताना नेहमी उताणे. कॉट पहिले सहा महिने तरी आईच्याच खोलीत. मूल बसू लागले की गादीची पातळी खाली घ्यावी. कोणाची जुनी कॉट मिळाली तर खिट्ट्या, स्क्रू, रंग तपासल्याशिवाय वापरू नये. आणि चिमणाळे टांगायचेच असेल तर बाळाच्या हाती दोरी लागणार नाही इतके उंच.

यातल्या एकाही गोष्टीला फार पैसे लागत नाहीत. उलट दुकानदार जे जे जास्तीचे विकतो तेच टाळायचे आहे. रिकामी, साधी, थोडी ओकीबोकी दिसणारी कॉट हीच चांगली. बघायला येणाऱ्या नातेवाइकांना ती दरिद्री वाटेल, वाटू द्यावी.

एक शेवटचे. ही सगळी काळजी घेऊनही क्वचित एखादे बाळ जाते, अजूनही जाते. अशा घरी भेटायला जाल तेव्हा त्या आईला 'तू झोपलीस कशी' हे विचारू नका, मनातसुद्धा आणू नका. माणूस आहे, ती झोपणारच. बाळे वाचू लागली ती आया जाग्या राहिल्या म्हणून नाहीत. आई झोपली तरी बाळ सुखरूप राहील अशी जागा कोणीतरी विचार करून तयार केली, म्हणून वाचली.